मेंफिसची तबकडी

मी संगीतातला जाणकार नव्हे. मॅट्रिकनंतर माझे शिक्षण थांबले ते थांबलेच. पुढे शाळेत पोरांना मराठी शिकविले, चार कादंबऱ्या लिहिल्या, पण सारेगमच्या पलीकडे मजल कधी गेली नाही. तरीही गेल्या पावसाळ्यात जुन्या बाजारात एका ताडपत्रीखाली उभा असता एक जोड-तबकडी हाती लागली. दुकानदाराने ती लावून दाखविली, आणि पाऊस थांबला तरी मी तिथेच उभा! वेष्टनावर नाव होते 'शाफ्ट', आणि संगीत आयझॅक हेज याचे.

वाचकहो, ही हकीकत अमेरिकेतली, १९७१ सालची. गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णी दिग्दर्शकाने न्यूयॉर्कमधल्या एका काळ्या खाजगी गुप्तहेरावर बोलपट काढला. तोवर हॉलिवूडच्या पडद्यावरचा काळा माणूस बहुधा दार उघडायला नाहीतर सामान उचलायला असे. हा शाफ्ट मात्र भर रहदारीतून, मोटारींना न जुमानता चालत येतो. हेजने संगीत बांधले ते त्या चालीला.

आधी ऐकू येते पायाने मिटणाऱ्या जोडझांजेची बारीक, अखंड टकटक. मग चार्ल्स पिट्सची गिटार. तिच्या तारेचा आवाज पायाखालच्या पेडलने असा काही उघडझाप करतो की वाटावे, कोणी ओठांतल्या ओठांत बोलते आहे. त्यावर बासरी, पितळी वाद्ये, व्हायोलिनांचा ताफा. गायकाचा आवाज यायला अडीच मिनिटे तरी लागतात. या जातीच्या संगीताला फंक म्हणतात. त्यात सूर मागे सरतो आणि ठेका पुढे बसतो. गिटारसुद्धा तबल्यासारखी वाजते, आणि सारा जोर पहिल्या मात्रेवर. आपल्या समेचा हा कोणी दूरचा भाऊबंद असावा, असे मला उगीचच वाटले.

मौज अशी की, तबकडीवर आपण ऐकतो ते पडद्यावरचे संगीत नव्हेच. चित्रपटासाठीचे ध्वनिमुद्रण हॉलिवूडकडे झाले. तबकडीसाठी हेजने सारे पुन्हा वाजवून घेतले, आपल्या मेंफिस शहरातल्या स्टॅक्स कंपनीच्या स्टुडिओत. हा स्टुडिओ म्हणजे एक बंद पडलेले चित्रपटगृह. प्रेक्षकांसाठी केलेली उतरती जमीन तशीच ठेवून त्यावर वादक बसत. पडद्यावर प्रसंगाला कात्री लागते, संगीताला प्रसंगापुरतेच जगावे लागते. इथे तशी घाई नव्हती. या तबकडीतले एक गाणे एकोणीस मिनिटांच्याही वर चालते.

हेजला स्वरलेखन येत नसे. मनातले सूर तो सांगे आणि जॉनी ॲलन नावाचा जाणता संगीतकार ते वाद्यवृंदासाठी कागदावर उतरवी. आजी-आजोबांनी वाढविलेला, लहानपणी कापूस वेचलेला हा मुलगा. शाळा सुटली होती, ती जुन्या शिक्षकांच्या आग्रहाने एकविसाव्या वर्षी पुरी केली. (हे वाचून त्या शिक्षकांना मी मनातल्या मनात नमस्कार केला.) एप्रिल १९७२ मध्ये उत्कृष्ट गीताचे ऑस्कर त्याला मिळाले. हा मान मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णी. त्या समारंभाला त्याने बरोबर नेली होती आजीला.

त्याच वर्षी पार्क्सच्या मुलाने 'सुपर फ्लाय' काढला. नायक कोकेन विकणारा. संगीत शिकागोच्या कर्टिस मेफिल्डचे. चित्रपट पाहून मेफिल्डला वाटले, ही तर त्या विषाचीच जाहिरात झाली! मग त्याने गाण्यांतून उलट बाजू मांडली. पडद्यावर नायक दिमाखात मोटार हाकतो आणि मेफिल्डचा नाजूक, उंच आवाज मेलेल्या फ्रेडीसाठी हळहळतो. पण चित्रपटात या गाण्याची नुसती धून आहे, शब्द नाहीत. म्हणून ते ऑस्करच्या स्पर्धेतही घेतले गेले नाही. तबकडी मात्र अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. माझ्या मते दोहोंत ही सरस. हेजने नायकाला चाल दिली, मेफिल्डने त्याला जाब विचारला.

असो. हेजचे पुढे काय झाले ते वाचून माझी झोप उडाली. १९७५ च्या अखेरीस स्टॅक्स बुडाली. १९७६ साली हेजचेही दिवाळे निघाले. घर गेले, चीजवस्तू गेली, आणि आजवर रचलेल्या गाण्यांच्या पुढल्या उत्पन्नावरचा हक्कही गेला. 'शाफ्ट' जगभर वाजत राहिला. माझ्या पहिल्या कादंबरीचे हक्क मी एका प्रकाशकाला एकरकमी लिहून दिले होते. तिच्या आवृत्त्या निघतात हे मला रेल्वेच्या पुस्तकविक्रेत्याकडून कळते. तेव्हा या माणसाचे दुःख मला परके वाटले नाही.

स्टॅक्सची इमारत १९८९ मध्ये पाडली. २००३ साली त्याच जागी, जुन्या इमारतीबरहुकूम, संग्रहालय उभे राहिले. हेज तेव्हा हयात होता. तो गेला ऑगस्ट २००८ मध्ये, मेंफिसमध्येच. त्याची सोन्याचा मुलामा दिलेली निळी कॅडिलॅक मोटार तिथे पाहायला ठेवली आहे.