‘न एक पाई, न एक भाई’ची कुळकथा

फैजपूर म्हटलं की खानदेशात तीन गोष्टी हमखास निघतात : नंदलाल बोसांच्या कल्पनेतून बांबूंनी सजलेलं टिळकनगर, अध्यक्ष नेहरूंचा बैलांचा रथ, आणि अडकलेला झेंडा सोडवायला उंच खांबावर सरसर चढून गेलेला शिरपूरचा तरुण. डिसेंबर १९३६मधलं काँग्रेसचं ते खेड्यातलं पहिलं अधिवेशन. धनाजी नाना चौधरींनी त्याची मोठी जबाबदारी अंगावर घेतलेली. तिथल्या युद्धविषयक ठरावाचं नाव मात्र कुणी काढत नाही. साम्राज्यासाठीच्या लढाईत हिंदुस्थाननं पडायचं नाही, माणसं पुरवू द्यायची नाहीत, युद्धकर्जाला हात लावायचा नाही, असं त्यात रोखठोक बजावलं होतं. माझ्या मते पुढच्या घोषणेची जन्मपत्रिका हीच.

गंमत अशी, की या घोषणेच्या घराण्याचा मूळपुरुष अगदी उलट्या विचाराचा. १९१८ साली खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव सैन्यभरतीसाठी हिंडत होते. मदत केली तर स्वराज्य पदरात पडेल, हा हिशेब. पुढच्या वर्षी पदरात पडला तो रौलट कायदा. १९२७मध्ये मद्रासला काँग्रेसनं साम्राज्यवादी युद्धाला नकार नोंदवला. फैजपूरला त्याला धार आली.

३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं. ना कायदेमंडळाला विचारलं, ना पुढाऱ्यांना. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. १७ ऑक्टोबर १९४०ला पवनारला विनोबा पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीता सांगणारे आणि साने गुरुजींनी ज्यांचे शब्द टिपून घेतले, तेच विनोबा. या सत्याग्रहात युद्धाला माणूस किंवा पैसा देणं चूक, एवढं जाहीर बोलायचं आणि अटक करून घ्यायची. लोकांनी त्याचं केलं : न एक पाई, न एक भाई.

घोषणा दणक्यात चालली, भरती मात्र थांबली नाही. दोन लाखांच्या आसपास असलेलं सैन्य १९४५पर्यंत पंचवीस लाखांवर गेलं, तेही सक्तीशिवाय. पगार, धान्याची टंचाई, घरची ओढग्रस्त. या सगळ्यापुढे ठराव काय करणार? पाईच्या बाबतीत मात्र खानदेश एक पाऊल पुढे गेला. १४ एप्रिल १९४४ला धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ इथल्या आणि साताऱ्याकडच्या क्रांतिकारकांनी मिळून सरकारी खजिनाच लुटला.