ऋणमुक्ती आणि साक्ष : टिळक दांपत्याच्या धर्मांतराचा एक विचार

मराठी ख्रिस्ती धर्मांतरांचा इतिहास सांगताना मुंबई, पुणे आणि अहमदनगर ही केंद्रे प्रथम डोळ्यांसमोर येतात. त्यातील एका महत्त्वाच्या प्रकरणाचा आरंभ मात्र छत्तीसगडच्या वाटेवर झाला. रायपूरचा प्रदेश १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्यामुळे मराठी भाषकांना तो परका नव्हता. रायपूरच्या पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरांवरील राजनांदगाव हे वैष्णव बैरागी परंपरेतील राजांचे संस्थान. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) १८९३ मध्ये नागपूरहून तेथे जात असताना, आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने संस्कृत काव्यावरील संभाषणानंतर त्यांना नव्या कराराची प्रत दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

या ग्रंथातील ज्या भागाने टिळकांना धरून ठेवले तो मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाचा होय. ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. याच प्रवचनात प्रभूची प्रार्थना येते आणि तीत पापक्षमेसाठी मराठी बायबलने ‘ऋण’ हा शब्द योजला आहे. भारतीय परंपरेत देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे माणसाने फेडावयाची असतात. येथे ईश्वर ऋण सोडतो. परंतु माणसानेही आपल्या ऋणकोंना सोडलेले असावे, अशी अपेक्षा त्यास जोडलेली आहे. म्हणजे ईश्वरी क्षमा हा केवळ जीव आणि शिव यांच्यामधील खासगी व्यवहार राहत नाही. तिचा पडताळा मानवी संबंधांतच पाहावा लागतो.

रायपूर परिसरातच ऑस्कर लोर यांनी १८६८ मध्ये विश्रामपूर येथे सतनामी समाजात मिशनकार्य आरंभिले होते. तेथे धर्मांतरितांभोवती नवी वस्ती उभी राहिली. टिळकांच्या बाबतीत मात्र उभे घर मोडले. लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. क्षमेचा शोध घेणारा पुरुष या काळात पत्नीचाच ऋणको झाला होता, हा या प्रकरणातील खरा पेच होय.

१८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पद्मनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात परिवर्तनाची साक्ष स्वतः परिवर्तित व्यक्ती देते. पंडिता रमाबाईंनीही आपल्या १९०७ मधील आत्मकथनात ख्रिस्ती धर्माचा स्वीकार आणि ख्रिस्ताची प्राप्ती यांत भेद केला; परंतु तो भेद जाणणारी दृष्टी त्यांची स्वतःचीच होती. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये ही रचना बदलते. येथे साक्षीदार आहे ती ज्या व्यक्तीला धर्मांतराची झळ सोसावी लागली ती. लक्ष्मीबाई टिळकांचा कोपिष्टपणा, त्यांचा अव्यवहारीपणा आणि त्यांचे औदार्य सारख्याच मोकळेपणाने नोंदवितात. बाप्तिस्म्याने माणूस निर्दोष झाला, असा दावा त्या करीत नाहीत. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला होता. जातिभेद मानवनिर्मित आहे ही जाणीव त्यांना त्यानंतर, स्वतःच्या विचाराने झाली आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या निवेदनात क्षमेचा उच्चार थोडा व आचार अधिक आहे; त्यांचा विनोद हे त्या आचाराचेच एक रूप मानता येईल.

म्हणूनच परिवर्तित जीवनाचा पुरावा केवळ धर्मांतरिताच्या कबुलीत शोधणे अपुरे ठरते. ऑगस्टीनच्या परंपरेतील आत्मनिवेदन ईश्वराला उद्देशून असते. ‘स्मृतिचित्रे’ मात्र घरातल्या माणसाची जबानी आहे. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्या श्रद्धेने एकेकाळी संसार मोडला, तिचेच महाकाव्य पूर्ण करण्याचे काम त्यांनी पत्करले. त्या ऋणाचा हिशेब त्यांनी मागितला नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ऋण सोडण्याचा अर्थ याहून स्पष्टपणे क्वचितच प्रकट झाला असेल.