जपानमधील गोंदण आणि कामकऱ्याचा उघडा देह

जपानमधील कित्येक कचेऱ्यांत व दुकानांत नोकराच्या अंगावरील गोंदण दिसू न देण्याचा दंडक आजही आढळतो. गोंदणाचा गुन्हेगारांच्या टोळ्यांशी जोडला गेलेला संबंध हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते. हे कारण खोटे नव्हे, पण अपुरे मात्र आहे. एदो काळाच्या उत्तरार्धात सर्वांगावर चित्रे गोंदवून घेण्याची प्रथा वाढली ती बव्हंशी कष्टकऱ्यांमध्ये, आणि ती दिसे तीही कामाच्या जागीच.

एदो नगरातील पालखीचे भोई, धावते डाकवाहक आणि उंच परांच्यांवर चढणारे ‘तोबी’ हे उन्हाळ्यात केवळ लंगोट नेसून राबत. उघड्या पाठीवरील चित्र हेच जणू त्यांचे वस्त्र होते. तोबी हेच नगराचे अग्निशामकही असत. लाकडी घरांच्या त्या नगरात आग लागली म्हणजे भोवतालची घरे पाडून तिची वाट तोडणे हे त्यांचे काम. अशा माणसांना जलाचा स्वामी मानल्या गेलेल्या ड्रॅगनचे चित्र प्रिय असावे यात नवल नाही. इ. स. १८२७ च्या सुमारास चित्रकार कुनियोशी याने चिनी कथेतील बंडखोर वीरांची गोंदलेल्या अंगाची चित्रे काढली आणि या हौसेला बहर आला.

याच काळी गोंदण ही शिक्षाही होती. इ. स. १७२० पासून शोगुन योशिमुने याच्या कारकीर्दीत चोरांच्या हातावर पट्टे गोंदले जाऊ लागले. अर्थात ही खूण आणि ते चित्र यांतील भेद नगरवासीयांना सहज कळत असे. तो पुसट केला तो पुढील राजवटीने.

मेइजी सरकारने प्रारंभीच ही शिक्षा रद्द केली, परंतु इ. स. १८७२ मध्ये टोकियोत किरकोळ अपराधांविषयी जे नियम झाले, त्यांत गोंदणास बंदी आली. त्याच नियमांनी उघड्या अंगाने वावरणेही अपराध ठरविले. पाश्चात्त्यांच्या दृष्टीला आपला देश रानटी दिसू नये, ही यामागील चिंता होती. गंमत अशी की, इ. स. १८८१ मध्ये जपानात आलेल्या इंग्लंडच्या राजपुत्राने, म्हणजे पुढील पाचव्या जॉर्जने, तेथेच हातावर गोंदवून घेतले! देशी कामकऱ्याचे गोंदण मात्र कपड्याखाली गेले, आणि झाकलेली वस्तू संशयास्पद वाटू लागली.

बंदी इ. स. १९४८ मध्ये उठली, संशय उरला. इ. स. २०१२ मध्ये ओसाकाचे महापौर तोरू हाशिमोतो यांनी नगरपालिकेच्या तीस हजारांहून अधिक नोकरांकडून गोंदणाविषयी लेखी माहिती मागविली. शंभराहून अधिक नोकरांनी गोंदण असल्याचे कळविले. ज्यांनी उत्तर नाकारले त्यांना ताकीद मिळाली, व त्यांपैकी दोघे न्यायालयात गेले. अशी माहिती भेदभावास कारण होऊ शकते, असे मानून जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला; इ. स. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने तो फिरविला आणि पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेचीच बाजू कायम ठेवली.

या चौकशीतील एक तपशील विशेष लक्षणीय आहे. कपड्याबाहेर दिसणाऱ्या भागांविषयी उत्तर देणे सक्तीचे होते. झाकलेल्या भागांविषयीचे उत्तर नोकराच्या इच्छेवर सोडले होते. भोयांच्या आणि तोबींच्या अंगावर अशी सीमारेषा काढणे कोणालाच शक्य झाले नसते.