शून्य पुस्तकं सापडली

माझ्या आजीकडे लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राची जुनी प्रत होती. १९३४ पासून ते भागाभागानं छापलं गेलं, त्या पहिल्या आवृत्तीची. घर बदलताना ती कुठेतरी गेली. पुढे बाजारात मिळणाऱ्या आवृत्त्या वाचल्या, पण आजीच्या हातातलं ते पुस्तक एकदा पुन्हा बघावं असं वाटत राहिलं. म्हणून एका मोठ्या ग्रंथालयाचा ऑनलाइन कॅटलॉग उघडला, 'शीर्षक' हा पर्याय निवडला आणि टाइप केलं: स्मृतिचित्रे. नव्या आवृत्त्या दिसल्या. जुनी एकही नाही. म्हटलं, यांच्याकडेही नाही. संपलं.

महिन्याभरानं दुसऱ्याच कामासाठी तिथे गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "शेवटी अनुस्वार दिला होतात का?" दिला नव्हता. त्यांनी 'स्मृतिचित्रें' असं लिहिलं आणि चारही भाग पडद्यावर हजर!

जुन्या मुखपृष्ठावर नाव तसंच छापलेलं होतं. न उच्चारले जाणारे असे अनुस्वार आपण सोडले ते १९६२ च्या लेखननियमांपासून. कॅटलॉग करणाऱ्यानं मुखपृष्ठावर होतं तेच उतरवलं, यात त्याची चूक नाही. आणि यंत्राला 'त्रे' व 'त्रें' ही दोन वेगळी अक्षरं.

तेव्हापासून या 'शीर्षकानं शोधा'च्या मागे काय काय आहे ते वाचत गेलो. पुस्तकाच्या नावावरून पुस्तक शोधणं आपल्याला इतकं साधं वाटतं, पण ते तितकं साधं कधीच नव्हतं. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयासाठी अँटोनियो पानिझी यांनी १८४१ मध्ये ९१ नियम केले, त्यात मुख्य मान लेखकाच्या नावाला होता. अमेरिकेत चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्ये स्पष्ट लिहिलं, की वाचकाला लेखक, शीर्षक किंवा विषय यांपैकी काहीही एक माहीत असेल तरी पुस्तक सापडायला हवं. मग एकाच पुस्तकाची तीन-चार कार्डं होऊ लागली आणि लाकडी खणांच्या रांगा वाढत गेल्या.

१९६० च्या दशकात हेन्रिएट अव्हरम यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी 'मार्क' ही पद्धत तयार केली. कार्डावरचा मजकूर यंत्राला वाचता यावा म्हणून. त्यात एक गंमत आहे. इंग्रजी शीर्षक 'द'नं सुरू होत असेल तर नोंदीत ४ हा आकडा घालतात. म्हणजे यंत्रा, तीन अक्षरं आणि एक मोकळी जागा सोडून मग क्रम लाव! माणूस जे न सांगता करतो ते यंत्राला असं आकड्यात सांगावं लागतं.

ओहायोतल्या ओसीएलसीची ऑनलाइन यंत्रणा १९७१ मध्ये सुरू झाली. तिथे शीर्षकासाठी ३,२,२,१ अशी किल्ली असे: पहिल्या शब्दाची तीन अक्षरं, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची दोन, चौथ्याचं एक. आता बाबा पद्मनजींचं १८५७ चं 'यमुनापर्यटन' रोमन लिपीत या किल्लीत बसवून पाहा. एक शब्द धरला तर नुसतं 'वायएएम'. 'यमुना पर्यटन' असे दोन धरले तर पुढे 'पीए' लागतं. एका मोकळ्या जागेनं किल्ली बदलली.

ही रोमन लिपीची गोष्ट उगाच नाही. १९६२ मध्येच लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीतलं कार्यालय सुरू झालं आणि 'पीएल ४८०' या योजनेतून मराठी पुस्तकं अमेरिकेतल्या विद्यापीठांत जाऊ लागली. तिथल्या नोंदी रोमन लिपीत झाल्या, पण आपण मोबाइलवर लिहितो तशा नाहीत. 'च'साठी नुसता 'सी'. 'सीएच' लिहिलं तर तो 'छ' होतो. 'खांडेकर' या नावाच्या शेवटी एक 'ए' येतो. हे माहीत नसलेला मराठी माणूस परदेशात बसून 'श्यामची आई' आपल्या सवयीच्या स्पेलिंगनं शोधेल आणि कदाचित रिकाम्या हातानं उठेल. पुस्तक दोन मजले खाली कपाटात असेल.

जुन्या कार्डांच्या खणात एक सोय होती. नाव थोडं चुकलं तरी हात शेजारच्या कार्डावर पडायचा, आणि हवं ते तिथेच असायचं. शोधाच्या चौकटीत शेजार नसतो. ती सरळ सांगते, शून्य. आपण त्याचा अर्थ लावतो, 'असं पुस्तकच नाही'. खरा अर्थ एवढाच, की तुम्ही लिहिलंत तसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वीची किती मराठी पुस्तकं या गैरसमजातून 'उपलब्ध नाहीत' ठरली असतील, कोण जाणे.

म्हणून आता मी शून्य आलं की उठत नाही. अनुस्वार देऊन पाहतो, शब्द जोडून-तोडून पाहतो, लेखकाच्या नावानं जातो. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' हाताशी असेल तर जुनं नाव तिथे तपासतो. आणि कॅटलॉगमध्ये 'ब्राउझ' अशी सोय असेल तर ती आधी वापरतो, कारण तिथे तो शेजार थोडासा परत मिळतो.

असो. चारही भाग वाचनालयात बसून पाहिले. कागद पिवळा पडलाय, हात जपूनच लावावा लागतो. तुम्हीही एखादं पुस्तक 'नाही' म्हणून सोडून दिलं असेल, तर एकदा पुन्हा शोधून बघा.