नेम, काच आणि संधिप्रकाश

चंपावतच्या वाघिणीने नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मारली. १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी तिला मारले, तेव्हा तिचे उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले आढळले. एक अर्ध्यावर, दुसरा थेट हाडापर्यंत. बंदुकीची जुनी जखम, असे कॉर्बेट यांनी त्याचे कारण दिले. नेहमीचे भक्ष्य धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली. कुणाचा तरी नेम चार बोटे चुकला आणि त्याची किंमत चाऱ्यासाठी रानात गेलेल्या बायकांनी मोजली. म्हणूनच मोठ्या शिकारीसाठी रायफलीवर कोणती दुर्बीण लावावी, हा प्रश्न मला केवळ हौसेचा वाटत नाही.

साध्या रायफलीवर मागची खाच, पुढची माशी आणि जनावर या तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. डोळा मात्र एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. दुर्बिणीत फुलीच्या तारा आणि जनावर एकाच वेळी स्पष्ट दिसतात. केप्लर यांनी १६११ मध्ये मांडलेल्या दोन बहिर्गोल भिंगांच्या रचनेमुळे हे शक्य झाले. एकोणिसाव्या शतकात मुंबई लष्करातले अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन यांनी रायफलीच्या डाव्या अंगाला बसणारी दुर्बीण तयार केली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी ती व्हिटवर्थ रायफलींवर वापरली. १९०० मध्ये व्हिएन्नाच्या काह्लेस यांची ‘टेलोरार’ ही शिकारीची दुर्बीण आली.

मग वाघ-हत्तींच्या रानात ती लवकर का रुजली नाही? झाडीतला बार बहुधा वीस-तीस पावलांवरचा. तिथे मोठी प्रतिमा म्हणजे अरुंद दृश्य: अंगावर येणाऱ्या वाघाचे नुसते पट्टे दिसतात, वाघ सापडत नाही. जड रायफलीचा धक्का एवढा, की डोळा आणि काच यांत तीन-चार इंच अंतर नसेल तर भुवई फुटते. शिवाय दमट हवेत काच आतून धुरकटे. ही शेवटची अडचण चाळीशीच्या दशकाअखेर ल्युपोल्ड कंपनीने नळीत नायट्रोजन भरून दूर केली.

निवडीची खरी कसोटी मात्र उजेडाची आहे. समोरच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. चारपट वर्धन आणि ३२ मिलिमीटरचे भिंग असेल तर झोत ८ मिलिमीटरचा. दहापट आणि ४० असेल तर फक्त ४. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते, उतारवयात पाचाच्या आसपास. म्हणजे संधिप्रकाशात ‘जास्त ताकदीची’ दुर्बीण अधिक काळोखी ठरू शकते. त्यातच लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणारा लेप शोधला, तेव्हा हा तोटा आटोक्यात आला.

या सोयींच्या आधीचा शिकारी काय करी? २ मे १९२६ च्या रात्री कॉर्बेट गुलाबरायच्या आंब्यावर बसले होते. खाली गळ्यात घंटा बांधलेली बकरी, रायफलीवर विजेची बॅटरी. घंटा वाजली, त्यांनी बटण दाबले, बिबट्या दिसला, बार झाला आणि दिवा विझला. आठ वर्षांत १२५ माणसे मारणारा रुद्रप्रयागचा बिबट्या मेला की जखमी होऊन निसटला, हे कळायला त्यांना उजाडेपर्यंत थांबावे लागले.

त्या रात्रीत मला या साऱ्या इतिहासाचे मर्म दिसते. चांगली काच मारायला जितकी उपयोगी, तितकीच न मारायलाही: जनावर कोणते, उभे कसे, मध्ये फांदी आहे का, हे दिसले नाही तर चापावरचे बोट काढून घ्यावे. उत्तम नेमबाज कॉर्बेट पुढे स्वतःच चित्रपट-कॅमेऱ्याकडे वळले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचे दिवस संपवले. आज आपण ताडोब्यात पहाटे लेन्स निवडतो, तेव्हाही तोच भागाकार करत असतो. फरक इतकाच, की आपले चुकलेले गणित कुणाच्या जबड्यात राहत नाही.