रिबैरा राजवाडा, लिस्बन

पोर्तुगालच्या राजदरबाराचे सोळाव्या शतकाच्या आरंभापासून १७५५ पर्यंतचे मुख्य ठिकाण. पोर्तुगीज नाव ‘पासू दा रिबैरा’, म्हणजे नदीकाठचा वाडा. लिस्बनमध्ये टेगस नदीच्या उत्तर तीरावर तो उभा होता. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात तो नष्ट झाला आणि पुन्हा बांधला गेला नाही.

याआधीचे राजे टेकडीवरच्या साऊं जोर्जे किल्ल्यात राहत. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला आणि मिरी, दालचिनी, लवंग यांचा ओघ लिस्बनकडे वळला. तेव्हा राजा मानुएल पहिला याने किल्ला सोडून धक्क्यालगत नवा वाडा बांधायला घेतला. पूर्वेच्या व्यापाराचे सरकारी खाते ‘काझा दा इंदिया’ याच वाड्याच्या तळमजल्यावर होते. मसाल्यांची साठवण, जकात, गलबतांची भरती, हिशेब ही सगळी कामे तिथे चालत. राजा वखारीच्या माडीवर राहत होता असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही, आणि या वास्तूचे खरे वेगळेपणही यातच आहे. युरोपातले इतर अनेक राजवाडे शेतसाऱ्यावर आणि युद्धांतल्या लुटीवर उभे राहिले. इथला पैसा मात्र मुख्यतः मलबारच्या मिरीचा होता.

वाड्याच्या अंगणातला एक प्रसंग युरोपीय चित्रकलेत कायमचा राहिला. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याने पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो गोव्याहून राजाकडे पाठवला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिला नव्हता. पोर्तुगीज लेखनात त्याला ‘गंडा’ म्हटले आहे, म्हणजे प्राण्याबरोबर त्याचे हिंदी नावही समुद्रापार गेले. हत्ती आणि गेंडा जन्माचे वैरी असतात ही जुनी समजूत पारखण्यासाठी मानुएलने दोघांची झुंज लावली. हत्ती लढलाच नाही, पळून गेला. पुढे हा गेंडा पोपला नजराणा म्हणून रवाना झाला, पण इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून बुडाला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने तो कधी पाहिला नव्हता. केवळ वर्णन आणि रेखाटन यांवरून त्याने केलेला लाकडी ठसा आजही छापला जातो.

१५८० मध्ये पोर्तुगाल स्पेनच्या राजाकडे गेला. फिलिप दुसरा याने फिलिप्पो तेर्झी या इटालियन वास्तुशिल्पज्ञाकडून नदीच्या बाजूला घुमटाकार छपराचा भव्य बुरूज उभारून घेतला. पुढे शहराच्या प्रत्येक चित्रात हाच बुरूज आधी नजरेत भरतो. १ डिसेंबर १६४० च्या सकाळी पोर्तुगीज सरदार वाड्यात घुसले. स्पेनचा कारभारी मिगेल द व्हास्कोन्सेलूस कपाटात लपला होता. त्याला ठार करून त्याचे प्रेत खिडकीतून चौकात फेकण्यात आले. त्या दिवशी ब्रागांझा घराण्याचे राज्य सुरू झाले. याच घराण्यातील कॅथरीनच्या विवाहकरारात मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देण्यात आले आणि १६६२ च्या एप्रिलमध्ये ती लिस्बनहून इंग्लंडला निघाली.

जुआंव पाचवा (कारकीर्द १७०६–५०) याच्या काळात ब्राझीलच्या सोन्याने वाड्याचा थाट वाढला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा गादीवर हाच राजा होता. त्याचा मुलगा जोझे पहिला याने वाड्याला लागून ऑपेरागृह बांधले. १७५५ च्या वसंतात तिथे झालेला पहिला ऑपेरा सिकंदर आणि पोरस यांच्यावरचा होता. त्यानंतर ते नाट्यगृह जेमतेम सात महिने टिकले.

१ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, भूकंप झाला तेव्हा राजकुटुंब शहराच्या पश्चिमेला बेलेंला गेले होते, म्हणून वाचले. भूकंपानंतर नदीतून त्सुनामीच्या लाटा आल्या आणि मग आग कित्येक दिवस धुमसत राहिली. सुमारे ७०,००० ग्रंथांचे राजग्रंथालय आणि तिशियन, रूबेन्स यांची चित्रे गेली. जोझेने दगडी छताचा असा धसका घेतला की तो पुढे मरेपर्यंत, १७७७ पर्यंत, अजूदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यात राहिला. मुख्य प्रधान पोंबाल याच्या देखरेखीखाली जुन्या जागी सरकारी कचेऱ्यांनी वेढलेला ‘व्यापार चौक’ आखला गेला. १७७५ मध्ये तिथे जोझेचा अश्वारूढ पुतळा बसवला. लोक मात्र चौकाला आजही ‘तेरैरू दु पासू’, म्हणजे राजवाड्याचे पटांगण, असेच म्हणतात. वाड्याचे रूप आता चित्रांतूनच कळते : डर्क स्टूपचे १६६२ चे तैलचित्र, आणि लिस्बनच्या राष्ट्रीय आझुलेझू संग्रहालयातला सुमारे २३ मीटर लांबीचा निळ्या फरशांचा नगरदेखावा.

सर्वांत मोठी हानी कागदपत्रांची झाली असे मानावे लागते. काझा दा इंदियाचे बहुतेक दप्तर जळाले. कोणत्या जहाजातून काय आले, कोण गेले, काय भावाने विकले गेले याच्या अडीच शतकांच्या नोंदी त्यात होत्या. त्यामुळे हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज राजवटीच्या अभ्यासकाला पणजीच्या पुराभिलेखागाराकडे वळावे लागते. राजाची आज्ञापत्रे पावसाळी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांतून गोव्याला येत. ती पत्रे आणि त्यांची उत्तरे तिथल्या ‘मोंसोंइश दु रैनू’ या बाडांत उरली आहेत. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज–मराठा संबंधांचा इतिहास मांडला, तो मुख्यतः या अभिलेखागारातल्या कागदांच्या आधारे.