भिंगांनी सोडवलेले गणित

प्रकाशावर चालणारा संगणक म्हटले की तो उद्याचा, अजून न आलेला, असेच आपण धरून चालतो. इतिहास तसे म्हणत नाही. 1957 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या विलो रन प्रयोगशाळेने विमानातल्या रडारची जी रेखीव चित्रे मिळवली, त्यांचे गणित भिंगांनीच केले होते, आणि तेही लेझर जन्मण्यापूर्वी. विमान पुढे सरकते तसे जमिनीवरच्या एकाच खडकाकडून असंख्य प्रतिध्वनी परत येतात. ते नीट जुळवले, तर लहानशा अँटेनाला कितीतरी लांब अँटेनाची नजर लाभते. पण ही जुळणी त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक संगणकांच्या आवाक्यात नव्हती. म्हणून प्रतिध्वनी कॅथोड किरण नळीवरून फिल्मवर उतरवत. प्रत्येक खडकाचा तिथे गडद-फिक्या रेघांचा पट्टा उमटे, मध्यापासून कडांकडे दाट होत जाणारा. त्यातून प्रकाश सोडला की विवर्तनामुळे तो आपसूक एका बिंदूत गोळा होई. नोंदच भिंगाचे काम करी! दूरच्या खडकाच्या पट्ट्याचे नाभीय अंतर मात्र जास्त असे. हा फरक मिटवायला शंकूच्या आकाराचे भिंग बसवले गेले. एकीकडून नोंदीची फिल्म सरकत राही आणि दुसरीकडे, फटीमागच्या फिल्मवर, जमीन उमटत जाई.

याला संगणन म्हणायचे का, हा आक्षेप रास्त आहे. या यंत्राला स्मृती नव्हती, ‘असे असेल तर तसे कर’ हे त्याला जमत नव्हते, आणि अचूकता फिल्मच्या कणांवर ठरे. पण मुंबईसारख्या बंदरांच्या भरती-ओहोटीचे अंदाज वर्तवणारी केल्विनच्या धर्तीची चाकांची यंत्रे संगणनाच्या इतिहासात मानाने बसतात, मग भिंगांना का वगळायचे? शिवाय ही भिंगे एकाच कामाला जखडलेली नव्हती. भिंग आपल्या नाभीय प्रतलात चित्राचे फूरिए रूपांतर मांडते, म्हणजे चित्र ज्या बारीक-जाड लहरींचे बनलेले असते त्या वेगवेगळ्या करते. त्याची बीजे भौतिकशास्त्रज्ञ आबेच्या 1873 च्या सूक्ष्मदर्शक-सिद्धान्तात आहेत. त्याच आधारावर व्हँडर लुग्टने 1964 मध्ये ठरावीक आकृती ओळखणारी गाळणी प्रसिद्ध केली.

मग हा मार्ग मागे का पडला? 1965 च्या कूली-टुकी पद्धतीने फूरिए रूपांतर अंकीय संगणकावर स्वस्त झाले, हे खरे. तरी 1978 च्या सीसॅट उपग्रहाची बहुतेक रडारचित्रे आधी प्रकाशीय पद्धतीनेच तयार झाली. माझ्या मते प्रकाश गणितात हरला नाही, दारात अडला: फिल्म धुवा, वाळवा, काटेकोर बसवा, मग उत्तर पुन्हा फिल्मवर घ्या. पुढे त्याला ट्रान्झिस्टरची नक्कल करायला लावली. 1990 मध्ये बेल लॅब्जने प्रकाशीय अंकीय प्रोसेसर दाखवला खरा, पण फोटॉन एकमेकांवर सहजी परिणाम करत नाहीत. स्विचसाठी नेमके तेच लागते. 2017 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी चिपवर प्रकाशाकडून मॅट्रिक्सचे गुणाकार करून घेतले, म्हणजे पुन्हा त्याच्या स्वभावातले काम. फिल्म गेली, पण विजेचे प्रकाशात आणि प्रकाशाचे विजेत रूपांतर अजून करावेच लागते, आणि वाचवलेली बरीच ऊर्जा तिथेच खर्ची पडते.